वळताना दिसलं पाहिजे

पुलगाव, २२ एप्रिल

जागृती बेटा, जयभीम.

फोनवर आपलं दोन वाक्यांच्या पुढं जात नाही. तिसऱ्याला तू म्हणतेस, "बाबा, ओरडू नका," आणि मी खरंच ओरडत असतो. सारा जन्म मिलच्या मागांच्या खडखडाटात बोललेल्या माणसाला हळू बोलणं शिकवायला आता उशीर झाला. म्हणून कागदावर लिहितो आणि पानांचे फोटो तुझ्या मोबाइलवर पाठवतो. कागद ओरडत नाही.

तुझी आई बरी आहे. झटक्यानं गेलेला डावा हात-पाय तसाच आहे, जीभही जडच आहे. नुसता आवाज घशातून येतो, शब्द होत नाही. पण जानेवारीत तू जी बोलकी पाटी बसवून गेलीस, चित्र दाबलं की बोलते ती, तिच्यावर आई पाणी मागते, पंखा मागते. परवा 'दुखते' दाबलं आणि गुडघ्याचं चित्र दाबलं. मी तेल लावून दिलं. तुझं कौतुक मी तोंडावर केलं नाही, ते इथं करतो.

आता एक सांगायचं आहे, ते रागावू नकोस. पाटीची ती सगळी झगमग काल मी बंद केली. पडद्यावरचा तो फिरणारा डबा, त्याच्या चार बाजूंवरची चार पानं, हात लावला की पान पाण्यासारखं हलायचं ते, मागं तरंगणारी फुलं, काचेसारखं आरपार दिसणारं, सगळं. तू पडदा नवा आणलास, पण त्याच्या खाली डोकं माझं जुनंच कम्प्युटर आहे, ज्यावर मी विहाराच्या सूचना टाईप करतो. इथं पारा चव्वेचाळीसवर गेला. डबा फिरला की आतला पंखा असा घोंघावायचा की वाटायचं आता उडते हे. दोनदा आपोआप बंद पडलं, तेही तुझी आई पाणी मागत असताना. नाकापेक्षा मोती जड झाला होता बेटा. आता चित्रं सरळ येतात, सरळ जातात. मशीन हरणासारखं पळते.

तुझे लक्ष्मणमामा रविवारी सेलूवरून गाडी घेऊन आले होते. त्यांच्या डोक्यात नागपूरचं एक सेवाकेंद्र बसलं आहे. म्हणे, "जावई, तुमचं वय काय, तुम्ही तिले उचलता कसे? तिथं चोवीस तास बाया असतात." मी म्हटलं, कांताला इथंच राहायचं आहे. तू जानेवारीत म्हणालीस आईला बंगलोरला नेते, तेव्हाही मी हेच म्हटलं होतं. मामा म्हणाले, "तिले समजते तरी का आता? तिच्या नावानं तुम्हीच बोलता." तूही जाताना जवळपास हेच बोलून गेलीस, फरक एवढाच की तू दार आपटलं आणि मामांनी चहा घेतला.

सव्वीस मेला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात तारीख आहे. बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या डॉक्टर मॅडम तिची समज तपासणार. मामा आणि मी, दोघांनी मान्य केलं आहे: मॅडम म्हणतील समज आहे, तर तिलाच विचारायचं कुठं राहायचं ते. नाही म्हणाल्या तर मामांचं ऐकायचं. मी बिनधास्त हो म्हटलं. आपल्याला काय भीती.

तुझा बाबा
प्रेमदास


पुलगाव, ४ मे

जागृती बेटा, जयभीम.

मागच्या पानांखाली निळ्या खुणा आल्या नाहीत. तू त्या खुणा दिसणं बंद केलं असेल तर तसं सांग, म्हणजे मी दर तासाला मोबाइल उघडून पाहणार नाही. लीलाबाई शेजारीण म्हणते, "भाऊ, मोबाइल पाहून पाहून त्याले नजर लागन." मी म्हटलं, आपण नजरबिजर मानत नाही, पण लागली तर लागू दे, निळी लागू दे.

बेटा, तुझी आई पाटीला हात लावत नाही.

आधी मी लपवणार होतो. मग वाटलं, कोणाला सांगू? आठवड्याच्या वर झालं. समोर ठेवली की पाहते, 'खाणंपिणं' दाबते, मग पानावर चित्रं येतात आणि ती पुन्हा त्याच जागी दाबते, पुन्हा त्याच जागी. जणू काही आलंच नाही. मग हात मांडीवर ठेवते आणि भिंतीकडे पाहते. काल मी म्हटलं, "कांता, पाणी कुठं हाय, दाखव बरं." तिनं डोळे मिटले. गालावरून पाणी आलं. ते पाटीवरचं नव्हतं.

 आता दुसरा झटका तर नाही ना आला, झोपेत, मला न कळता? रात्री मी तिचा श्वास ऐकत पडतो. जेवणही अर्धं झालं. ताटात अर्धी भाकर, अर्धी भाजी तशीच राहते. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, चेहरा वाकडा झाला का, हात आणखी ढिला पडला का? तसं काही नाही. मग म्हणाले, तारखेला या.

आणि बरोबर काल मामा येऊन टपकले. दुष्काळात तेरावा महिना. पाटी समोर ठेवून म्हणाले, "कांते, मी कोण हावो, दाब." तिनं माणसांचं पान उघडलं आणि मग बसून राहिली. मामांचा फोटो तिथंच होता. मामा उठले. बाहेर जाऊन चपला घालताना म्हणाले, "जावई, मीही तिचा भाऊ हावो. मले काय बरं वाटते का?" त्यांचे डोळे ओले होते. माणूस वाईट नाही, हट्टी आहे. आपल्या घरात ती जात काही कमी नाही.

तू पाटी बनवली आहेस. तुला माहीत असेल आत काय बिघडतं. काहीतरी लिही. शिवी दिली तरी चालेल.

बाबा


पुलगाव, ९ मे

जागृती,

तुझा निरोप मिळाला. एक ओळ. "काय काय बंद केलं? सगळंच?"

हो, सगळंच. आधीच लिहिलं होतं. तुला मग असं वाटलं का, की माझ्यामुळं झालं? वाचल्यावर मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी उत्तर लिहिलंही, दीड पान. त्यात असं होतं की मिलमध्ये मागाला आम्ही कधी फुलांच्या माळा बांधल्या नाहीत, कापडच विणलं. जे काम करत नाही ते काढून टाकावं, भार हलका होतो. शहरात बसून पडदे सजवणाऱ्यांना मे महिन्यातलं पुलगाव काय कळणार. ते पान मी फाडलं, कारण मध्ये जेवण झालं. ते आता सांगतो.

कांता जेवायला बसली होती, म्हणजे मी उशा लावून बसवली होती. नेहमीसारखी उजव्या बाजूची भाकर खाल्ली, उजवीकडची भाजी खाल्ली आणि थांबली. डावीकडची भाकर तशीच. मी ताट उचललं, ओट्यावर नेलं, म्हटलं थोडं गरम करून आणू. आणून ठेवलं तेव्हा ताट थोडं वळलं होतं. तिनं पुन्हा उजवीकडून खायला सुरुवात केली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की हे आणखी काऊन आणलं? म्हणजे तिला वाटलं, दुसरं ताट आहे.

मग पुन्हा थांबली. या वेळी मी उचललं नाही. आळस आला होता. ताट तिथंच गर्रकन फिरवलं, डावीकडचं उजवीकडे. तिचे डोळे ताटासोबत फिरले. भाकर सरकत सरकत तिच्या समोर आली आणि तिनं लगेच तोडली. मी पुन्हा फिरवलं. पुन्हा खाल्लं. ताट पुसून खाल्लं बेटा, किती दिवसांनी.

मी तिथंच खाली बसून राहिलो. ती भूक नसल्यामुळं सोडत नव्हती. डावी बाजू तिच्या ध्यानातच येत नाही. आणि वस्तू नजरेसमोर फिरत आली तर ती तिच्यामागं जाते. एकदम बदलून टाकली तर तिच्यासाठी ती नाहीच.

तुझा डबा असाच फिरायचा ना? उजवीकडून नवी बाजू यायची. मी तो काढून टाकला. आता पान एका झटक्यात बदलते. तिला कुठून काय कळणार की जुनं गेलं कुठं आणि नवं आलं कुठून.

हे बरोबर आहे का, एवढं सांग. की मी म्हातारा आशेपायी काहीबाही जोडून राह्यलो? माझा जीव टांगणीला लागला आहे.

बाबा


पुलगाव, १८ मे

जागृती बेटा, जयभीम.

तुझा मोठा निरोप वाचला. दोनदा वाचला, मग लीलाबाईला वाचून दाखवला, त्यातलं "मी तो डबा खरं तर शोभेसाठी केला होता" एवढं गाळून. ते आपल्या दोघांतच राहू दे. तू सजवायला केलंस, मी भार म्हणून काढलं, आणि ज्या बाईसाठी केलं तिला आपण दोघांनीही विचारलं नाही.

तू लिहिलं तसं एक एक सुरू करून पाहिलं. सकाळी लवकर, उन्हाच्या आधी.

पान पाण्यासारखं हलते ते सुरू केलं. कांतानं पाहिलं, तोंड फिरवलं आणि उलटी केली. मी बंद केलं. तिथं माझं बरोबर होतं, हे लिहून ठेव. तरंगती फुलं सुरू केली तर ती फुलांकडेच पाहत बसली, पाणी मागायचं विसरली. तेही बंद. आरपार काच चालू केली तर मागचं-पुढचं एकमेकांत मिसळलं, मलाच दिसेना. बंद.

मग डबा. मला सुरू करायची हिंमत होईना. वाटलं, यानंही काही झालं नाही तर? तोपर्यंत निदान आशा तरी होती. चहा केला, प्यालो, कप धुतला. शेवटी तीच घशातून ओरडली, म्हणून वळलो. पाटीकडे बोट होतं. चालू केलं.

तिनं 'खाणंपिणं' दाबलं. डबा हळूच फिरला. तिचे डोळे त्याच्यासोबत आले, जसे ताटासोबत आले होते. पाण्याचा गडवा सरकत समोर आला आणि तिनं दाबला. मी पाणी दिलं. मग तिनं पुन्हा दाबलं. मी पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा तिला तहान नव्हती, ती नुसती पाहत होती की चालते का.

पण संकट टळलं नाही. अकराच्या पुढं मशीन तापते. डब्याचा वेग तू सांगितला तसा कमी केला, बाकी सगळं काढलं, तरी काल दुपारी बंद पडलं. आता कूलर मी कम्प्युटरकडे वळवला आहे. मी आणि तुझी आई त्याच्या मागं जी हवा उरते ती खातो. लीलाबाई म्हणते, "तुमच्या घरी पाहुणा कोण वो, त्याची खातिरदारी पाहून राह्यली मी."

सव्वीसला दवाखान्यात हे बंद पडलं तर? मॅडमनी वेगळंच काही विचारलं तर? ती घाबरली तर? मामांना मी सांगितलं की कांता बोलते आता. ते म्हणाले, "पाहू." या 'पाहू'वर मला तीन रात्री झोप नाही. आणि खरं सांगू का, अजून एक भीती आहे. ती इथं लिहीत नाही.

निरोपाच्या शेवटी तू "काळजी घ्या, दोघंही" लिहिलंस. ते वाचलं.

बाबा


पुलगाव, २७ मे

जागृती बेटा, जयभीम.

काल फोनवर तुला एवढंच सांगितलं की समज आहे. बाकीचं फोनवर सांगवलं नाही. इथं सांगतो.

मामा ड्रायव्हरसह गाडी घेऊन आले. कम्प्युटर गोधडीत गुंडाळलं आणि मामा डिकीत ठेवायला निघाले तर मी म्हटलं, गचके बसतील. मग पडदा मामांच्या मांडीवर, डोकं माझ्या मांडीवर, आणि तुझी आई मध्ये. मामा म्हणाले, "लग्नातही आहेर कोणी असा मांडीवर घेऊन नाई गेला." पण दहेगावच्या गतिरोधकावर पडदा दोन्ही हातांनी उचलून धरला त्यांनी, मी पाहिलं.

डॉक्टर मॅडम तरुण आहेत, तुझ्याएवढ्या. खोली थंड होती, त्यामुळं मशीन गरीब गाईसारखं चाललं. मॅडमनी विचारलं, सोबत कोण आलं? कांतानं डबा फिरवला, माणसांची बाजू आली, मला दाबलं, मामांना दाबलं. मामा खुर्चीत सरळ झाले. कुठं दुखते? गुडघा. सकाळी काय खाल्लं? पोहे. मी पोहे तोंडातल्या तोंडात म्हणत होतो, तर मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा खिडकीजवळ उभे राहता का?"

मग त्यांनी माणसांच्या बाजूवरचं एक नाव वाचून विचारलं, तुमचं नाव लीलाबाई आहे का? आणि कांतानं 'हो' दाबलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं, आता नागपूर.

मॅडम मात्र उठल्या. पाटीवर 'हो' उजव्या कोपऱ्यात आहे आणि 'नाही' डाव्या. त्यांनी आपलं बोट 'हो'वर ठेवलं आणि हळूहळू सरकवत 'नाही'वर नेलं. कांताचे डोळे बोटासोबत गेले, मान वळली. तिनं मॅडमचं बोट बाजूला सारून 'नाही' दाबलं. जोरात दाबलं. मॅडम म्हणाल्या, "समज पूर्ण आहे. डावी बाजू यांच्या लक्षात येत नाही, एवढंच. हे बटण उजवीकडे आणायला सांगा ज्यांनी बनवलं त्यांना. तोवर यांच्या नुसत्या हो-नाहीवर जाऊ नका." मामांनी डोळे पुसले आणि उगाच रुमालानं पडदा पुसला.

मग ठरल्याप्रमाणे तिला विचारायचं होतं. हो-नाहीचा प्रश्न नको म्हणून मॅडमनी साधंच विचारलं, "कांताताई, तुम्हाला कोणाजवळ राहायचं?"

तिनं माणसांची बाजू आणली. माझा फोटो समोरच होता. तिनं तो पाहिला. मग त्याच्या खाली गेली आणि तुला दाबलं.

मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं, शब्द बदलून. तिनं पुन्हा तुलाच दाबलं.

मी खिडकीजवळच होतो. बाहेर लिंबाचं झाड आहे, त्याच्या सावलीत रिक्षावाले झोपले होते. ही ती भीती होती, जी मी लिहिली नव्हती. ताट फिरवलं त्या दिवसापासून होती. जिची समज सिद्ध करायला धावत होतो, तिला समज असेल तर ती आपल्या मनाचं सांगणार, माझ्या मनाचं नाही. इतके दिवस मी सगळ्यांना सांगितलं, तिला इथंच राहायचं आहे. मी तिला विचारलंच नव्हतं.

मामा गाडीत म्हणाले, "जावई, मी हरलो." मी म्हटलं, "मीही."

तू तिला घेऊन जा बेटा. मी अडवत नाही. हो-नाहीचं तेवढं दुरुस्त करून दे.

बाबा


पुलगाव, ३० मे

जागृती बेटा, जयभीम.

तू बंगलोरला बसून इथली पाटी दुरुस्त केलीस, हे मी समोर बसून पाहिलं. बाण आपोआप फिरत होता. लीलाबाई पाहायला आली होती, ती दारातच उभी राहिली. आता हो आणि नाही दोन्ही उजव्या कडेनं एकामागं एक सरकत येतात आणि एकाखाली एक उभे राहतात. छान केलंस. शोभेलाही वाईट नाही.

 परवा तू फोनवर म्हणालीस, "बाबा, तुम्ही पण चला ना." मी म्हटलं, विहार कोण पाहील, घर कोण पाहील. ती कारणं होती. खरं हे, की कांतानं माझा फोटो पाहून पुढं बोट नेलं होतं, आणि न बोलावता कोणाच्या मागं जायचं नाही एवढा ताठा माझ्यात अजून आहे. म्हटलं, तिलाच विचारू. पण विचारायची हिंमत काल संध्याकाळपर्यंत झाली नाही.

शेवटी विचारलं. "कांता, तू पोरीकडं जाय. मी इथंच राहू का?"

दोन्ही बटणं सरकत आली. तिनं पहिलं येताना पाहिलं, दुसरं येताना पाहिलं. 'नाही' दाबलं.

मला भरवसा वाटेना. इतके दिवस 'हो' 'नाही'नं घोळ घातला होता. मी उलटं विचारलं, "मग मी तुमच्यासंग येऊ का?" 'हो' दाबलं. तरी माझं मन म्हणे, वरचं आहे म्हणून दाबलं असेल. तिसऱ्यांदा विचारलं, मोठ्यानं, मिलमधल्या आवाजात, "नक्की का वो? मी आलो तर चालन का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग डबा फिरवला. एक बाजू, दुसरी, तिसरी. मनाची बाजू समोर आली. तिथं तू सहा चेहरे ठेवले आहेत. तिनं लाल तोंडाचा, भुवया आवळलेला चेहरा दाबला, आणि पाटीतून तुझ्याच आवाजात आलं, "मला राग आला आहे."

पुन्हा दाबलं. पुन्हा आलं. चौथ्यांदा मी विचारलं नाही.

सेवाग्रामहून बंगलोरची गाडी पाहतो. दोन खालचे बर्थ मिळाले पाहिजेत.

तुझे आईबाबा